कोकणात ओढायची कॅराव्हॅन: पाटे, रबर एक्सल की कॉइल? आधी वजनकाट्यावर चढवा

कॅराव्हॅन विकणारा आधी पलंग दाखवतो, मग ओटा, मग छतावरचा एसी. खाली वाकून चाकांमागे काय आहे ते बघा, असं कोणी सांगत नाही. कोकणात ती टिकणार की नाही हे मात्र तिथेच ठरतं. गाडीमागे ओढायच्या एका एक्सलच्या कॅराव्हॅनखाली तीन प्रकार असतात: पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) साधा सेट, रबर टॉर्शन एक्सल, आणि 'ऑस्ट्रेलियन ऑफ-रोड' म्हणून चढ्या भावात विकला जाणारा ट्रेलिंग आर्म आणि कॉइलचा सेट. हे परीक्षण फक्त कोकणापुरतं आहे. म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, रेवस-रेड्डी सागरी मार्ग, वरून उतरणारे घाट, खाडीतल्या फेरीबोटी आणि गावात शिरणारे जांभ्याचे रस्ते. निकाल आधीच सांगून टाकतो: भरून १,२०० किलोच्या आत असलेल्या कॅराव्हॅनला योग्य मापाचे पाटे आणि जोडीला शॉकअप पुरतात. उरलेले पैसे वजन कमी करण्यात घाला.

ऑफ-रोड सेट ज्या रस्त्यांसाठी घडला ते रस्ते वेगळे आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किमीचा, क्वीन्सलंडमधून दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरणारा बर्ड्सव्हिल ट्रॅक सुमारे ५२० किमीचा. तिथे खड्ड्यांपेक्षा जास्त छळतात त्या आडव्या लाटा. खडीमातीच्या रस्त्यावर चाकांनीच पाडलेल्या, एकामागून एक, तासन् तास. शॉकअप सेकंदाला कितीतरी वेळा आतबाहेर होतो, त्यातलं तेल तापून पातळ होतं, फेसाळतं, आणि शॉकअप नुसता लटकत राहतो. म्हणून तिथल्या जड कॅराव्हॅनला एका चाकामागे दोन-दोन शॉकअप आणि लांब हालचालीच्या कॉइल देतात. कोकणात इतका सलग कच्चा रस्ता नाहीच. आपल्याकडचा मार म्हणजे पावसाने उघडलेला खोल खड्डा, न रंगवलेला स्पीड ब्रेकर, डांबराची कड तुटून साइडपट्टीला पडलेली वीतभर पायरी, घाटातली वळणं, आणि बारा महिने खारी हवा. इथे शॉकअप तापून मरत नाही. इथे मेन पाटा तरी तुटतो, नाहीतर काही पावसाळ्यांत सगळा सेट गंजून जाम होतो.

सस्पेन्शन निवडायच्या आधी वजन माहीत हवं. प्लेटवर किंवा कोटेशनमध्ये लिहिलेलं नव्हे, काट्यावरचं. चिरेखाणी आणि खडी क्रशरच्या आसपास ट्रकचे वजनकाटे असतात, महामार्गालाही सापडतात. कॅराव्हॅन प्रवासाला निघताना असते तशी भरा: पाण्याची टाकी पूर्ण, सिलिंडर, गाद्या, भांडी, स्टेपनी, सगळं. मग तीन वजनं घ्या. पहिलं, गाडीला जोडलेली असताना फक्त कॅराव्हॅनची चाकं काट्यावर. हा एक्सलवरचा भार. दुसरं, सोडवून, पुढच्या जॉकी व्हीलसकट आख्खी काट्यावर; हे एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे बॉलवरचा, म्हणजे गाडीमागच्या हुकाच्या गोळ्यावरचा भार. समजा एकूण १,०६० आणि एक्सलवर ९७० भरलं, तर बॉलवर ९० किलो, म्हणजे साडेआठ टक्के. चालेल. तिसरं वजन बहुतेक जण घेत नाहीत: पुन्हा जोडून एका बाजूचं चाक काट्यावर आणि दुसरं बाहेर. काटा जमिनीच्या पातळीत असेल तरच हा आकडा खरा. एका बाजूला ओटा, फ्रीज आणि बॅटरी असली की दोन चाकांत ६०-८० किलोचा फरक सहज निघतो, आणि मग एकाच बाजूचा पाटा का बसतो याचं उत्तर मिळतं.

ट्रकचा काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो, त्यामुळे बॉलवरच्या भाराला घरचा वजनकाटा जास्त बरा. तो बहुधा १५० किलोपर्यंतच मोजतो आणि भाराचा अंदाज नसेल तर त्यावर थेट टेकवू नका. जाड फळी घ्या. एका टोकाखाली विटेवर पाइपाचा तुकडा, दुसऱ्या टोकाखाली काट्यावर पाइपाचा तुकडा, दोन पाइपांत ९० सेंमी अंतर. हिच, म्हणजे कॅराव्हॅनचं बॉलवर बसणारं टोक, विटेकडच्या पाइपापासून ३० सेंमीवर फळीवर टेकवा. काट्यावर दिसेल त्याची तिप्पट म्हणजे बॉलवरचा भार. फळीचं वजन काट्यावर आधी दिसतं, ते तिप्पट करण्यापूर्वी वजा करा. हिचची उंची मात्र गाडीला जोडल्यावर असते तेवढीच ठेवा. टोक खाली झुकलं की आकडा बदलतो.

एकूण वजनाच्या ८ ते १० टक्के बॉलवर असावं. ऑस्ट्रेलियात ढोबळमानाने १० टक्के धरतात, युरोपात ५ ते ७. तिथल्या कॅराव्हॅन हलक्या आणि रस्ते गुळगुळीत. आपण ऑस्ट्रेलियाच्या बाजूला राहावं, पण गाडीच्या हिचची मर्यादा ओलांडून नव्हे. भार ५ टक्क्यांच्या खाली गेला की ७०-८० च्या वेगाला कॅराव्हॅन मागून लहरायला लागते. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, तसाच हा प्रकार, फक्त वेगात. अशा वेळी स्टिअरिंग फिरवून ती सावरत नाही. ऍक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि कॅराव्हॅनच्या ब्रेकला हाताने चालवायची कळ असेल तर ती हलकेच दाबायची.

मे महिन्यात परतताना हे हमखास घडतं. पाच डझनी आंब्याची पेटी साधारण १८-२० किलोची. चार पेट्या मागच्या डिकीत ठेवल्या की ८० किलो. एक्सलपासून हिच ३.२ मीटर पुढे आणि डिकी १.६ मीटर मागे असेल, तर बॉलवरचा भार ४० किलोने घटतो. वरच्या हिशेबातले ९० चे ५० राहिले, साडेचार टक्क्यांच्याही खाली. तेच आंबे एक्सलच्या डोक्यावर, जमिनीलगत ठेवले तर काही बिघडत नाही. पाण्याच्या टाकीचंही असंच. ८० लिटर म्हणजे ८० किलो, आणि टाकी एक्सलच्या मागे असेल तर भरलेली वेगळी नि रिकामी वेगळी वागते. नवी बांधून घेताना टाकी एक्सलच्या किंचित पुढे बसवायला सांगा.

कुठून किती किलो कमी होतात तेही पाहा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, टाकीसकट सुमारे ३०. पाच किलोचा छोटा सिलिंडर चार दिवसांच्या चहा-जेवणाला पुरतो. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या पुढे जाते, १०० एएचची लिथियम फॉस्फेट १२-१३ किलोत येते आणि वापरायला मिळणारी वीज फारशी कमी नसते. छतावरचा एसी ३०-४० किलोचा, तोही सगळ्यात उंचावर. १८ मिमी प्लायचं फर्निचर म्हणजे चाकांवर घातलेलं घरच. १२ मिमी किंवा ऍल्युमिनियमची चौकट पुरते. ग्रॅनाइटचा ओटा लावणारेही फॅब्रिकेटर आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दुसरा शोधा.

ओढणाऱ्या गाडीबद्दल थोडंच. तिच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा किती दिली आहे ते पाहा. दिलेलीच नसेल तर हुक लावून देणारा म्हणतो म्हणून ती तयार होत नाही. ब्रिटनमध्ये नवख्यांना कॅराव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवायला सांगतात. आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली असले घाट चढ-उतरायचे तर ६५-७० टक्के ही आमची मर्यादा. बॉलवर १०० किलो असले आणि बॉल मागच्या एक्सलपासून १.१ मीटर मागे, व्हीलबेस २.७ मीटर असेल, तर गाडीच्या मागच्या एक्सलवर १४० किलो वाढतात आणि पुढची चाकं ४० किलोने हलकी होतात. ओल्या घाटात हे स्टिअरिंगला लगेच जाणवतं.

आता पाटे. १,०००-१,२०० किलोसाठी ४० ते ४५ मिमीचा चौकोनी भरीव एक्सल आणि ४५ किंवा ५० मिमी रुंदीचे पाच-सहा पाटे, हा ओळखीचा माल आहे. चिपळूण असो, रत्नागिरी असो की कणकवली, पाटेवाल्याला तो नवा वाटत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा गुण, आणि कोकणात तो बाकी सगळ्यांवर मात करतो. पाट्यांच्या एकमेकांवर घासण्याने थोडा झटका आपोआप जिरतो, पण तेवढ्यावर थांबू नका. खड्ड्यातून बाहेर येताना कॅराव्हॅन उसळते ती शॉकअप नसल्यामुळे.

सगळ्यात जास्त चुकतं ते माप. फॅब्रिकेटरकडे पिकअपचे पाटे पडलेले असतात, ते 'मजबूत' म्हणून खाली जातात. दीड टन माल उचलणारा पाटा एक टनाच्या कॅराव्हॅनखाली वाकतच नाही, आणि प्रत्येक खड्डा थेट चासीवर, चासीतून कपाटांच्या स्क्रूंवर जातो. बिजागऱ्या निखळतात, खिडक्यांची रबरं सुटतात, पाण्याचे जोड गळतात, आणि दोष रस्त्याला दिला जातो. एक्सलवर ९७० किलो असतील तर सेट १,१५० ते १,२०० चा घ्या, म्हणजे एका बाजूला सहाशेच्या आत. तपासायची रीत सोपी आहे. भरलेल्या कॅराव्हॅनची चासी जॅकने इतकी उचला की चाकं नुकती जमिनीवरून सुटतील. एक्सल ते चासी अंतर मोजा. खाली उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे पाटे नीट बसतात, आणि पुन्हा मोजा. फरक ५० ते ७५ मिमी आला तर छान. २५ च्या आत आला तर पाटे जास्त कडक आहेत. एखादा पाटा काढण्याआधी पाटेवाल्याला काट्याची चिठ्ठी दाखवा. बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे एक्सल वर येऊन जिथे अडतो तिथपर्यंत, निदान ६० मिमी जागा उरायला हवी, नाहीतर स्पीड ब्रेकरवर लोखंडावर लोखंड आपटेल.

पाटा तुटतो तो बहुधा दोन ठिकाणी: डोळ्याजवळ (टोकाच्या गोल गुंडाळीपाशी) किंवा सगळे पाटे मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी. भोकापाशी तुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट सैल असणं. यू बोल्ट ढिले झाले की सगळा झटका सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो, एक्सल मागे सरकतो आणि टायर वरच्या कमानीला घासतो. नवे पाटे बसवल्यावर १०० किलोमीटरला आणि पुन्हा ५०० ला यू बोल्ट आवळा. १२ मिमीच्या यू बोल्टला साधारण ६०-७० न्यूटन-मीटर लागतं, म्हणजे पाना हातात असेल तेवढ्या जोराने नव्हे, टॉर्क रेंचने. पाटे उतरवले की यू बोल्ट नवेच घाला. ताणलेला बोल्ट पुन्हा तितका धरत नाही.

शॅकलचा, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणाऱ्या डोलत्या पट्टीचा कोन पाहायला विसरू नका. भरलेल्या कॅराव्हॅनचा शॅकल थोडा मागे कललेला हवा. तो उभा किंवा पुढे झुकलेला असेल, तर चाक खड्ड्यावर लटकलं की शॅकल उलटून अडकू शकतो. शॅकलऐवजी मागचं टोक नुसतं सरकणारे, म्हणजे स्लिपरचे पाटे मिळतात. ते खडखड करतात आणि हँगर (पाटे धरणारी चासीवरची ब्रॅकेट) झिजवतात, पण उलटत नाहीत. कोकणासाठी आम्हाला स्लिपर पसंत आहे. बुश नायलॉनचे असतील तर काढून पितळी घाला, ग्रीस जायला भोक असलेला बोल्ट आणि ग्रीस निप्पलसकट.

बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देणं हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. गार पाट्याला प्रेसने किंवा हातोड्याने कमान दिली तर ठीक. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवला तर स्प्रिंग स्टीलचं पाणी उतरतं, आणि रीतसर कडक करून पुन्हा टेम्पर केलं नाही तर महिन्याभरात तो पहिल्यापेक्षा जास्त बसतो. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच नको, शॉकअपच्या ब्रॅकेटसाठीसुद्धा.

गंज पाट्यांच्या मधोमध धरतो. वरून काळा रंग आणि आत तपकिरी भुगा. पाटे एकमेकांवर सरकेनासे झाले की सेट एक जाड पट्टीच होतो. उघड्या पाट्यांवर ग्रीस चोपडू नका; वाळू त्यात रुतून कानशीसारखी चालते. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की सेट उघडून वायर ब्रशने घासून झिंक प्रायमर आणि सुका ग्रॅफाइट लावणं, एवढं पुरे.

रबर टॉर्शन एक्सलवर फार लिहिण्यासारखं नाही. चौकोनी नळीत दुसरा चौकोनी दांडा आणि चार कोपऱ्यांत रबराचे दोर. चाक वर गेलं की दांडा पिळतो. आवाज नाही, निप्पल नाही, चालायला मऊ. डांबरावर फिरणाऱ्या ७००-८०० किलोच्या कॅराव्हॅनला उत्तम. पण रबर काही वर्षांनी बसतं आणि उंची कमी होते, ती परत मिळवता येत नाही. नळी आतून गंजली तर बाहेरून कळत नाही. बिघाड झाला की आख्खा एक्सल बदलायचा, आणि तो देवगडात किंवा गुहागरात हातात पडणार नाही. घ्यायचाच तर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड आणि प्रत्यक्ष भाराच्या जवळच्या मापाचा. १,५०० चा एक्सल ८०० किलोखाली दगडासारखा चालतो.

ट्रेलिंग आर्मचा कॉइल सेट सुखद असतो, यात वाद नाही. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नसतो, मधे आडवा एक्सल नसल्याने खाली जागाही मोकळी. पण वजन जास्त, आणि त्या वाढलेल्या किलोंची किंमत घाटात इंधनाने मोजायची. शिवाय आर्म जिथे चासीला धरतो तिथे चासी तितकी ताठ हवी. बाहेरच्या सेटची नक्कल करून स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेल्या आर्ममध्ये आतल्या त्रिकोणी पट्ट्या वाचवलेल्या असतात, आणि वेल्डच्या कडेने बारीक चीर जाते. टायर आतल्या बाजूने झिजू लागले तर आर्मचे बुश किंवा अलाइनमेंट पाहा: हिचच्या मध्यापासून दोन्ही हबपर्यंतचं अंतर ३ मिमीच्या आत सारखं हवं. कॉइल बसते त्या वाटीला खाली भोक नसेल तर जांभ्याचा चिखल तिथे साचतो, पाणी धरतो आणि वाटी कुजते. भोक पाडा, आणि ते साफ ठेवा. १,५०० किलोच्या वरची कॅराव्हॅन घेऊन कोकणाबाहेर, लडाख-स्पितीकडेही जायचं असेल तर हा खर्च समजण्यासारखा आहे.

दोन एक्सलची कॅराव्हॅन कोकणात नकोच. घाटाच्या वळणात चारही टायर आडवे खरवडले जातात, हँगर पिळवटतात, आणि गावातल्या बोळात वळवताना घाम निघतो.

फेरीबोटीवर वेगळीच परीक्षा होते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला किंवा दिघी-आगरदांडा, कुठेही ओहोटीला उतार तीव्र होतो. गाडी रॅम्पवर चढते तेव्हा हिच वर आणि कॅराव्हॅनचं शेपूट जमिनीला. एक्सल पाट्यांच्या वर असेल तर तो खाली घेऊन उंची वाढवता येते. एक्सलच्या जाडीएवढी आणि पाट्यांच्या गठ्ठ्याएवढी चासी वर जाते. मात्र सगळा भारही तेवढाच उंच जातो, म्हणून जास्त उंच करू नका. सांडपाण्याचा पाइप आणि मागची पायरी एक्सलच्या मागे फार खाली लोंबत ठेवू नये. शक्य असेल तर भरतीची वेळ पाहून निघा.

टायरचा लोड इंडेक्स वाचा. १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो, १८५ आर १४ सी आठ प्लायच्या टायरवर हा असतो. मोटारीच्या साध्या टायरवर ८८ असेल तर ५६० किलो. एक्सलवर ९७० आणि एका बाजूला ५३० निघाले असतील तर दुसऱ्या प्रकारात शिल्लक जवळजवळ काहीच नाही. १२ मिमीच्या व्हील नटला ९० ते ११० न्यूटन-मीटर, आणि चाक काढून घातल्यावर ५० किलोमीटरने पुन्हा.

ब्रेक हवेतच. युरोप आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे ७५० किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत आणि आपल्याकडेही टी१ हा ट्रेलरचा सगळ्यात हलका वर्ग तिथेच संपतो. हिच दाबली की लागणारे ओव्हररन ब्रेक घाट उतरताना सतत घासत राहतात आणि ड्रम तापतो, त्यामुळे उतार दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, मधे थांबून हबजवळ हात धरून उष्णता पाहा. गाडीतून नियंत्रण होणारे इलेक्ट्रिक ब्रेक घाटासाठी सरस, फक्त वायरिंगचे जोड खाऱ्या हवेत हिरवे पडतात. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (तापवून आवळणारी नळी) हवं.

बेअरिंगचं पावसाळ्यात विशेष सांभाळा. घाट उतरून तापलेला हब साकवावरच्या वाहत्या पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं आणि पुढच्या काही शे किलोमीटरमध्ये बेअरिंग ओरडायला लागतं. अर्धा तास थांबा, हब निवू द्या. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा. नट आवळताना चाक फिरवत राहा. ते जड झालं की नट पाव वळसा मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन लावा. सोबत एक बेअरिंग सेट सीलसकट, दोन यू बोल्ट, दोन सेंटर बोल्ट आणि एक मेन पाटा ठेवा. सगळं मिळून १२-१५ किलो, आणि तेही एक्सलच्या वरच.

किनाऱ्यालगत मुक्काम असेल तर निघताना चासी खालून गोड्या पाण्याने धुवा, ड्रमच्या मागच्या पत्र्यासकट. आणि मुक्कामात हँडब्रेक ओढून ठेवू नका. दोन-चार दिवसांच्या खाऱ्या दमटपणात शू ड्रमला चिकटतात आणि निघताना चाक फिरण्याऐवजी फरफटतं. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.